‘अजून पाहिला नाहीत?’

(एका कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘छावा’ या चित्रपटाच्या गुणदोषांविषयी मी आज काहीही बोलणार नाही. कारण सरळ आहे. मी तो पाहिलेला नाही. चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला, आणि तेव्हापासून हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा समोरच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य, मग अविश्वास आणि शेवटी किंचित संशय उमटलेला पाहिला. आजचे बोलणे आहे ते या संशयाविषयी.

लोकप्रिय चित्रपट न पाहणाऱ्याची थट्टा ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्या वर्षी तो न पाहिलेल्या गिरगावकराला शेजाऱ्यांनी काय ऐकवले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ पाहताना भाविक चित्रपटगृहात पादत्राणे काढून बसत, असे सांगतात. त्याच वर्षीचा ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षे चालला. गब्बरसिंगचे संवाद पाठ नसलेला मुलगा तेव्हा वर्गात एकटा पडत असे. पुढे २०१५ ते २०१७ ही दोन वर्षे कटप्पाने बाहुबलीला का मारले, या प्रश्नाने अवघा देश गांजला होता. परंतु या साऱ्या आग्रहात गंमत होती. ‘शोले’ न पाहणारा माणूस फार तर अरसिक ठरे. त्याच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेत नसे.

‘छावा’च्या वेळी मात्र प्रश्नाची जातकुळीच बदलली. आमच्या गृहसंकुलातील उत्साही तरुणांनी एका खेळाची जवळजवळ सर्व तिकिटे एकत्र काढली. उपक्रम चांगला होता. मग भ्रमणध्वनीवरील समूहात नावे झळकू लागली. कोण येणार, कोण नाही. ज्यांची नावे आली नाहीत त्यांच्या घरी दूरध्वनी गेले. आमच्या शेजारी एक वृद्ध काकू राहतात. त्यांना रक्त पाहवत नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांनी नम्रपणे नकार दिला. तेव्हा एक तरुण, मनाने अत्यंत निर्मळ, भर जिन्यात त्यांना म्हणाला, ‘‘काकू, महाराजांनी चाळीस दिवस सोसले आणि तुम्हाला अडीच तास बघवत नाहीत?’’

वाक्य टाळ्या घेणारे आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा अर्थ काय होतो? जिला ती वेदना पडद्यावरही असह्य होते, तिच्या मनात श्रद्धा उणी, आणि जो हातात पॉपकॉर्न घेऊन ती पाहू शकतो, त्याच्या मनात ती पूर्ण? काकू काही बोलल्या नाहीत. त्या दर फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला जातात, हे त्या तरुणाला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, कारण त्या तेथून छायाचित्रे पाठवीत नाहीत.

आणखी एक गोष्ट माता-पित्यांसाठी. या चित्रपटाला परीक्षण मंडळाने दिलेले प्रमाणपत्र ‘यूए १६ अधिक’ असे आहे. म्हणजे सोळा वर्षांखालील मुलाला तो दाखवावा की नाही, याचा विचार पालकांनी करावयाचा आहे. आग्रहाच्या त्या लाटेत सहा-सात वर्षांची मुलेही नेली गेली, आणि ज्या आईने ‘नको’ म्हटले तिला उलट उत्तरे द्यावी लागली. त्या आईने मंडळाची सूचना पाळली होती, एवढेच.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. छत्रपती संभाजी महाराजांची प्रतिमा दीर्घकाळ मलिन राहिली, ती कशामुळे? मल्हार रामराव चिटणीसाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तिच्या कर्त्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांनी देहदंड दिला होता. या बखरीतून जो व्यसनी, उतावळा राजपुत्र उभा राहिला, तो पुढे नाटककारांनी उचलला. रंगभूमी तेव्हाचे सर्वांत प्रभावी माध्यम होते. प्रेक्षक रडले, नटांना वाहवा मिळाली आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्र आपल्या एका छत्रपतीविषयी चुकीचे समजत राहिला. ज्याने ती नाटके पाहिली नव्हती, तो त्या काळी मागासलेला गणला गेला असेल!

हा कलंक धुतला तो वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. त्यांनी दफ्तरे धुंडाळली, संशोधनासाठी इंग्लंड गाठले, समकालीन पत्रे आणि परकीयांच्या नोंदी ताडून पाहिल्या. या शोधात त्यांची सुमारे चार दशके गेली आणि १९६० साली संभाजी महाराजांचे त्यांचे विचिकित्सक चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे १९७१ साली कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आला. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा, अनेक आघाड्यांवर एकाच वेळी झुंजणारा राजा वाचकांसमोर आला, तो या कष्टांतून. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ची. चित्रपट तिच्यावर बेतला आहे. म्हणजे आपण जे तिकीट काढले, त्याच्यामागे दफ्तराच्या धुळीत बसलेल्या त्या माणसाची चाळीस वर्षे आहेत. बेंद्र्यांनी गर्दीबरोबर टाळ्या वाजविल्या असत्या तर? रंगमंचावर दिसते ते खरे मानण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून तर आपल्याला खरे महाराज सापडले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ‘‘वाचणारे किती? चित्रपटामुळेच तर उत्तर भारतातील मुलांनाही महाराज कळले!’’ मला हे पूर्ण मान्य आहे. चित्रपटाने केलेले ते काम दहा ग्रंथ करू शकणार नाहीत. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी जरूर पाहावा, इतरांना घेऊनही जावे. माझे म्हणणे एवढेच की निमंत्रणाची हजेरीपट्टी होऊ नये. चौघांच्या कुटुंबाला आज मल्टिप्लेक्सची एक फेरी किती जड जाते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. एखादा बाप ते कारण बोलून दाखवीत नाही. ‘वेळ मिळाला नाही’ म्हणतो. त्याला चारचौघांत पुन्हा विचारू नये.

आणि ज्या तरुणांनी चित्रपट पाहून वाचावयास घेतले असेल, त्यांनी मला अवश्य भेटावे. बेंद्र्यांचा ग्रंथ जाड आहे, टिपांनी भरलेला आहे, आरंभीची पाने चढणीची आहेत. जेथे अडाल तेथे खूण करून ठेवा. रविवारी सकाळी मी घरीच असतो, आपण एकत्र वाचू.