किती कोअर पुरेत?



अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, गाळ्यांमध्ये, औद्योगिक वसाहतींच्या वरच्या मजल्यांवर आणि कित्येकदा राहत्या घराच्या हॉलमध्ये आज संगणकावर जड कामं चालतात. कुणी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतं, कुणी मालिकांसाठी ॲनिमेशन करतं, कुणी शेकडो अशिलांचे हिशेब सांभाळतं. अशा लोकांना यंत्र निवडायला मदत करणं हे माझं काम. नवा संगणक घ्यायची वेळ आली की हल्ली बरेच जण विचारतात, "सर्व्हरचाच प्रोसेसर टाकून घेऊ का? एकदाच काय तो खर्च होईल." हे पैसे कष्टाचे असतात, बहुतेकदा कर्जाचेही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी दोन यंत्रं शेजारी ठेवून बघू. एएमडी कंपनीचा रायझन ९ ९९५०एक्स हा २०२४ साली आलेला डेस्कटॉप प्रोसेसर. त्यात १६ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत, आणि एका कोअरचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ६४९ डॉलर होती. त्याच कंपनीचा एपिक ९६५४ हा २०२२ चा सर्व्हर प्रोसेसर. कोअर ९६, कमाल वेग ३.७ गिगाहर्ट्झ, किंमत ११,८०५ डॉलर. कोअर सहापट झाले, किंमत अठरापट झाली, आणि एकेका कोअरचा वेग मात्र दोन-तृतीयांशावर आला. घेणाऱ्याचं लक्ष ९६ या आकड्यावर खिळतं. त्याने आधी बघायला हवा तो हा तिसरा आकडा.

कारण असं की कोअर कितीही असले, तरी काम त्यांच्यात वाटता यायला हवं. जीन ॲमडाल नावाच्या आयबीएममधल्या अभियंत्याने १९६७ साली हा हिशेब मांडला आणि तो आजही तसाच लागू आहे. समजा, तुमच्या कामातला निम्मा भाग वाटून घेता येतो आणि निम्मा एकामागून एकच करावा लागतो. १६ कोअर लावले तर हे काम एका कोअरच्या तुलनेत १.८८ पट लवकर होईल. ९६ लावले तर १.९८ पट. ऐंशी कोअर जास्त लावले, आणि हाती आला एक दशांश. हेसुद्धा दोन्हीकडचे कोअर सारख्याच वेगाचे धरून. प्रत्यक्षात सर्व्हरचे कोअर हळू असल्यामुळे इथे डेस्कटॉप सरळसरळ पुढे निघून जातो.

आता ९५ टक्के काम वाटता येतं असं धरू. १६ कोअरवर ९.१ पट, ९६ कोअरवर १६.७ पट. सर्व्हर जिंकला असं वाटेल. पण कमाल वेगांचं प्रमाण लावलं की त्या १६.७ चे अकराच्या आसपास उरतात. हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक कामात थोडा हलेल. तरी अठरापट पैसे मोजून वेगात जेमतेम पाचव्या हिश्शाचा फायदा, हे चित्र फारसं बदलत नाही. म्हणून मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या कामाचे सुटे तुकडे पडतात का?

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या मुलांचं उदाहरण घेतो, कारण त्यांचीच फसगत सर्वांत जास्त होते. या बाजारात इंटेलच्या जुन्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरचं मोठं आकर्षण आहे. मोठ्या डेटा सेंटरमधून बाहेर काढलेले प्रोसेसर, नवा स्वस्त मदरबोर्ड, भरपूर रॅम, असं जुळवून "वर्कस्टेशन" म्हणून विकलं जातं. त्यात नेहमी भेटणारा एक म्हणजे झिऑन ई५-२६८० व्ही४. हा २०१६ चा, १४ कोअरचा, कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ. त्याच्याशेजारी २०२२ चा साधा कोअर आय५-१२४०० ठेवा. कोअर सहाच, पण वेग ४.४ पर्यंत, आणि प्रत्येक कोअरची घडण कितीतरी नवी. तरुण एडिटर १४ आणि ६ हे आकडे बघतो आणि झिऑन उचलतो.

घरी आल्यावर टाइमलाइन अडखळायला लागते. हल्लीचे बरेच कॅमेरे एचईव्हीसी पद्धतीने, दहा-बिटमध्ये चित्रीकरण करतात. हा दाबून बसवलेला व्हिडिओ दर क्षणी उलगडावा लागतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक नावाचा खास भाग असतो, तो हे काम अंगावर घेतो. अकराव्या पिढीपासून तर दहा-बिट ४:२:२ सारखा अवघड प्रकारही तो उलगडतो. झिऑन ई५ सारख्या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये हा भागच नसतो. म्हणून या मुलांना माझं सांगणं असतं की साधा डेस्कटॉप प्रोसेसर घ्या, आणि घेताना नावाच्या शेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर नाही ना, हे बघा. एफ असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, आणि क्विक सिंकही गेलेलं असतं. शिवाय त्या जुन्या झिऑनला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राहकांचे पेनड्राइव्ह रोज आत-बाहेर करणाऱ्या यंत्राला हे परवडणारं नाही.

सीएच्या कार्यालयात गोष्ट निराळी, निष्कर्ष तोच. सहा-सात जण एकाच ठिकाणच्या डेटावर काम करतात, म्हणून तो डेटा ठेवणाऱ्या यंत्राला सगळे सर्व्हर म्हणतात. म्हणून काही त्याला सर्व्हरचा प्रोसेसर लागत नाही. हिशेबाच्या नोंदींचं बरंचसं काम एकामागून एक होणारं, तिथे कोअरचा वेग, चांगली एसएसडी आणि भरवशाचं नेटवर्क कामी येतं. आणखी एक खर्च कोटेशनच्या खालच्या ओळींत असतो. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजलं जातं, एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं. चौसष्ट कोअरचं यंत्र घेतलंत तर चौसष्टचे पैसे भरा, वापरा चार. हा पैसा मी दुसऱ्या एसएसडीवर, यूपीएसवर आणि कार्यालयाबाहेर ठेवलेल्या बॅकअपवर घालवायला सांगतो.

आता ज्यांच्या कामाचे तुकडे खरोखर पडतात, त्यांच्याकडे येऊ. अंधेरी आणि गोरेगाव हा दृश्य-परिणामांच्या कामाचा बालेकिल्ला. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्राइम फोकस ही कंपनी २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या दृश्य-परिणाम कंपनीशी जोडली गेली, आणि आज इथली मुलं जगभरच्या चित्रपटांचे शॉट करतात. रेंडरिंगमध्ये, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्यात, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेम होतात, आणि पाचशेव्या फ्रेमला चारशे नव्याण्णवाव्या फ्रेमसाठी सहसा थांबावं लागत नाही. कितीही कोअर द्या, सगळे जुंपले जातात.

तरीसुद्धा छोट्या स्टुडिओला मी एकदम सर्व्हर घ्या असं म्हणत नाही. फ्रेम सुट्या आहेत, तर यंत्रंही सुटी चालतात. सोळा-सोळा कोअरचे चार डेस्कटॉप मिळून ६४ वेगवान कोअर होतात. दिवसा त्यांच्यावर चार कलाकार काम करतात, रात्री तीच यंत्रं रेंडर करतात. एक बिघडलं तर तीन चालू राहतात. अनेक साध्या चिप्स जोडून मोठं काम काढण्याची ही वाट आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर चोखाळली गेली आहे. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० उभा केला तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर जोडून. हे बाजारात मिळणारे मायक्रोप्रोसेसर होते. त्यांना समांतर जोडण्याची रचना आणि सॉफ्टवेअर ही त्या मंडळींची कमाई. मला हा निर्णय आजही मोठा वाटतो, कारण त्यात आधी काम ओळखलं होतं आणि मग चिप निवडली होती.

चार डेस्कटॉपची युक्ती मोडते ती मेमरीपाशी. एखादा शॉट उघडायलाच ४०० जीबी रॅम लागत असेल, तर तो कुठल्याच डेस्कटॉपमध्ये मावणार नाही. तिथे १९२, फार तर २५६ जीबीला हद्द संपते. एपिक ९६५४ ला ६ टीबीपर्यंत रॅम लावता येते. शिवाय मेमरीकडे जाणाऱ्या वाटा, म्हणजे चॅनल, डेस्कटॉपला दोन आणि एपिकला बारा. डबे भरभरून आलेली लोकल रिकामी झाली आणि पूल अरुंद असला की सगळे जिथल्या तिथे उभे राहतात. मेमरीत सतत ये-जा करणाऱ्या कामांत, हवामानाच्या किंवा द्रवगतिकीच्या गणितांत, दोन चॅनलवर जास्त कोअर लादले तर तेच होतं. तसंच ग्राफिक्स कार्डांचं. एक कार्ड डेस्कटॉपवर सुखाने चालतं. चार कार्डं पूर्ण वेगाने चालवायची तर पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिका लागतात, त्या रायझनमध्ये वापरायला २४ आणि एपिकमध्ये १२८. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपं घडवण्याचं जे काम पवईच्या आयआयटीच्या पुढाकाराने भारतजेन प्रकल्पात चालतं, ते अशा यंत्रांशिवाय होणारच नाही.

आणि दोन बाबतींत मी स्वतः सर्व्हरच्या बाजूने भांडतो. पहिली, चूक सुधारणारी ईसीसी मेमरी. रॅममधला एखादा बिट आपोआप उलटू शकतो. व्हिडिओत तो एका फ्रेममधला ठिपका होईल. रुग्णांच्या तपासण्यांच्या नोंदीत किंवा पतपेढीच्या खात्यात तो आकडा बदलू शकतो. ईसीसी अशी एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करते. काही डेस्कटॉप बोर्डांवरही ती चालते, पण सर्व्हरमध्ये ती गृहीतच असते. रुग्णालय, लॅब, पतपेढी यांनी इथे काटकसर करू नये. त्यांना ९६ कोअरही लागत नाहीत. आठ किंवा सोळा कोअरचा लहान सर्व्हर प्रोसेसर त्यांचं काम भागवतो.

दुसरी बाब मुंबईच्या पावसाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस सोडा, दर पावसाळ्यात कधी ना कधी शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी येतं आणि बदलापूरहून येणारा आपला इंजिनिअर ठाण्याच्या पलीकडे अडकतो. सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाची वेगळी छोटी चिप असते. मुख्य यंत्र बंद पडलं तरी ती जागी राहते. वीज आणि नेट चालू असेल तर इंजिनिअर घरी बसून यंत्र बंद-चालू करतो, पडदा बघतो, लागलं तर विंडोज नव्याने टाकतो. ज्यांचं काम एक दिवस थांबलं तर माणसांचे हाल होतात, त्यांनी या सोयीसाठी जरूर पैसे मोजावेत.

विजेचाही विचार करा. अंधेरी-बोरिवलीला अदानी किंवा टाटाचं बिल येतं, मुलुंडला महावितरणचं. ग्राहकानुसार दर वेगळे असतात, हिशेब करायची रीत एकच. पूर्ण भारावर ६०० वॉट खाणारं यंत्र दिवसरात्र चाललं तर महिन्याला ४३२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ४,३२० रुपये, आणि ती सगळी उष्णता खोलीबाहेर काढणाऱ्या एसीचं वेगळं. रॅकमध्ये बसणाऱ्या चपट्या सर्व्हरचे छोटे पंखे इतक्या वेगाने फिरतात की त्या आवाजामुळे तो सर्व्हर घरात चालवणं अशक्य. वर्षातून दोनदाच मोठं काम येत असेल तर यंत्र भाड्याने घ्यावं. विक्रोळी, चांदिवलीत मोठी डेटा सेंटर उभी आहेत, ॲमेझॉनची क्लाउड सेवा २०१६ पासून मुंबईतल्या केंद्रावरून मिळते, आणि तिथे ९६ कोअर तासांच्या हिशेबाने मिळतात.

डेस्कटॉपवाल्यांनाही एक सूचना. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही वरच्या श्रेणीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा संगणक तुमच्याकडे असेल तर त्याचं बायोस अद्ययावत करून घ्या.

आणि नव्या खरेदीला निघण्याआधी घरी एक तपासणी करा. आजच्या संगणकावर तुमचं सर्वांत जड काम सुरू करा. ते चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू निवडा. आलेखावर उजवं बटण दाबून लॉजिकल प्रोसेसर असा पर्याय घेतला की प्रत्येकाची वेगळी चौकट दिसेल. बारा चौकटींपैकी एकच काठोकाठ भरली असेल, तर वर एकूण वापर आठ टक्क्यांच्या आसपास दिसेल आणि तरी काम रेंगाळत असेल. अशा वेळी तुम्हाला वेगवान कोअर हवेत, जास्त कोअर नकोत. सगळ्या चौकटी दहा-पंधरा मिनिटं भरलेल्या राहिल्या, तर जास्त कोअर घ्या, आधी सोळापर्यंतचे. आणि सीपीयू निवांत असून मेमरीचा पट्टा टोकाला टेकला असेल, तर प्रोसेसर आहे तोच राहू द्या आणि रॅम वाढवा. मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढा आणि दुकानात कोटेशन मागताना तो आधी दाखवा.