सुट्टींतलें प्रेम : दुसरी खेप

एकाद्या थंड हवेच्या ठिकाणीं चार दिवस सुखाचे गेले, म्हणजे पुढल्या वर्षीं पुन्हां तेथेंच जावें असें आपणांस वाटतें. जावें, तों जागा तीच, खोली तीच. गेल्या खेपेस भेटलेलीं माणसें मात्र नसतात. १९८७ सालीं निघालेल्या ‘डर्टी डान्सिंग’ या अमेरिकन बोलपटाचा पुढला भाग पाहतांना माझी अशीच स्थिति झाली.

पहिल्या बोलपटाची कथा १९६३ च्या उन्हाळ्यांतली. न्यूयॉर्ककडील कॅट्सकिल डोंगरांतल्या एका विश्रामस्थानीं एक डॉक्टर सहकुटुंब येतो आणि त्याची धाकटी मुलगी — घरांत तिला ‘बेबी’च म्हणतात — तेथील नृत्यशिक्षक जॉनी याच्या प्रेमांत पडते. एवढेंच सांगितलें, तर कथा शिळी वाटेल. परंतु बेबी नाच शिकते ती हौसेनें नव्हे. जॉनीची जोडीदारीण पेनी हिला एका शिकल्या-सवरलेल्या वेटरनें फसविलेलें असतें. गर्भपात त्या काळीं तेथें बेकायदा. चोरून करणारा मिळतो, तो नेमका दुसऱ्या हॉटेलांतल्या त्यांच्या कार्यक्रमाच्या रात्रीं. म्हणून पेनीच्या जागीं बेबी उभी राहते. लागणारे अडीचशें डॉलर ती बापाकडून, कारण न सांगतां, मागून आणते. पुढें पेनीच्या जिवावर बेततें, तेव्हां रात्रीं त्याच बापाला उठवावें लागतें. तो तिला वाचवितो, आणि हिची जबाबदारी कोणावर, असें विचारतो. जॉनी ती आपल्यावर घेतो. डॉक्टर त्याचा भलताच अर्थ करतो. नाचापेक्षां मला तर त्यानंतरचा बाप-लेकींतला अबोलाच अधिक आठवतो. गर्भपाताचा प्रसंग गाळावा, अशी सूचना लेखिका एलिनर बर्गस्टीन यांना झाली होती. तो काढला तर बेबीला नाचण्याचें कारणच उरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें.

२००४ सालच्या ‘हवाना नाइट्स’मध्यें बेबी नाहीं, जॉनीहि नाहीं. १९५८ च्या अखेरचें क्यूबा. अमेरिकन मोटार-कंपनीच्या अधिकाऱ्याची मुलगी केटी आणि हॉटेलांत चाकरीस असलेला हाविएर. नाच वाईट आहेत असें मी म्हणणार नाहीं. पण तीं दोघें नाचतात तीं स्पर्धेच्या बक्षिसासाठीं! हाविएरची नोकरी गेलेली असते, हें खरें. केटीला मात्र गमावण्यासारखें कांहींच नाहीं. तिचे आईबाप स्वतःच एके काळचे नर्तक. आईचा राग तो किती दिवस टिकणार? स्पर्धेच्या रात्रींच बॅतिस्ता देश सोडून पळतो. एक राज्य उलथतें, आणि बोलपटाला त्याचा उपयोग काय, तर दोघांची ताटातूट करावयास एक निमित्त! पीटर सेगल यांनीं मुळांत क्यूबांतील क्रांतीवरच कथा लिहिली होती. तिच्यांतलें पडद्यावर फारच थोडें उरलें.

मध्यें एकदां पॅट्रिक स्वेझी, म्हणजे पहिल्या बोलपटांतला जॉनी, निनांवी नृत्यशिक्षक होऊन येतो आणि केटीला चार पावलें शिकवितो. तेवढा वेळ मी हवाना विसरून डॉक्टरच्या खोलीबाहेर बेबीबरोबर उभा होतों. मग तो गेला, आणि केटी पुन्हां स्पर्धेच्या तयारीला लागली.