पंधरा दिवसांची सेवा

अमेरिकेत सुटी लागली की चर्चमधले तरुण गटागटाने मध्य अमेरिकेत किंवा आफ्रिकेत आठ-पंधरा दिवसांच्या मिशन दौऱ्यावर जातात. घर बांधायचे, शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची आणि परत यायचे. आल्यावर उपासनेनंतर अनुभवकथन होते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. त्या पाण्याबद्दल मला शंका नाही. माझा आग्रह एवढाच, की दौऱ्याचा हिशेब गेलेल्याच्या तोंडून ऐकू नका, ज्याच्या दारात गेलात त्याला विचारा.

तसे विचारलेही गेले आहे. १९९८च्या ऑक्टोबरअखेर मिच वादळाने होंडुरासमधली हजारो घरे नेली आणि बाहेरून मदतगटांची रीघ लागली. तिथेच राहून काम करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढे या घरांची पाहणी केली. परदेशी गटाने बांधलेले घर प्रवासखर्चासह सुमारे ३०,००० डॉलरना पडले होते, स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेले सुमारे २,०००ना. एकाच्या खर्चात पंधरा! आणि राहणाऱ्यांच्या आयुष्यात या घराने नि त्या घराने पडलेला फरक सारखाच. लग्नघरातला हौशी पाहुणा आठवा. तो पदर खोचून स्वयंपाकघरात शिरतो, मीठ कुठे, चाळणी कुठे म्हणून घरच्या बाईला चारदा हाका मारतो, त्याच्या पोळ्या तिला गुपचूप पुन्हा लाटाव्या लागतात, वर मधूनच त्याच्यासाठी चहाही टाकावा लागतो. जाताना तो म्हणतो, किती मजा आली! बाई हसून 'पुन्हा या' म्हणते. तिचे ते हसणे पुरावा म्हणून धरू नका. म्हणून पुन्हा सांगतो, तिला विचारा, आणि पाहुणा गेल्यावर विचारा.

यावर उत्तर मिळते, की हा पैसा दौरा होता म्हणून जमला, नुसता पाठवा म्हटले असते तर कोणी दिला नसता. खरे आहे, पण हा दोष देणाऱ्यांच्या सवयीचा झाला, त्याला दौऱ्याची कमाई कशी म्हणायची? दुसरे उत्तर अधिक वजनदार: जाणारा बदलतो, आयुष्यभर देत राहतो. व्हर बीक यांनी तेही तपासले; परतलेल्यांच्या देणग्यांत टिकाऊ वाढ फारशी दिसली नाही. विचारवंत इव्हान इलिच यांनी तर १९६८ सालीच मेक्सिकोत अशा अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते, की पाहायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. मी इतक्या टोकाला जाणार नाही. मोतीबिंदू काढणारा सर्जन आठवड्यात पुष्कळांना दृष्टी देऊन जातो, मात्र नंतर पट्टी सोडायला, डोळा तपासायला गावात कोणी असले तरच. म्हणजे पुन्हा आपण घरच्या बाईपाशीच आलो.

आपल्या भागात हे नवे सांगायला नको. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे राहिले. मिरजेला त्यांनी रुग्णालय उभे केले आणि इथल्याच मुलामुलींना हाताशी धरून तयार केले, म्हणून ते गेल्यावर काम थांबले नाही. सगळ्यांनी चाळीस वर्षे राहावे असे कोण म्हणेल? पण थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने निदान तिथे राहणाऱ्याच्या हाताखाली काम करावे.

मंडळीतल्या तरुणांनो, पाळकहो, असा बेत ठरत असेल तर तिकिटे काढण्याआधी तिथल्या लोकांना एक पत्र टाका. आमच्या येण्याचा खर्च इतका आहे, असा आकडा लिहा, आणि विचारा: आम्ही यावे, की ही रक्कम पाठवावी? उत्तर येईल तसे वागा.