सपरीतल्या आजीला कोण विचारतं?

(मासिक बैठकीतलं बोलणं)



आज हप्त्याचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलते. चांगल्या वृद्धाश्रमात नर्स असते. गोळी देता देता ती विचारते, "काय आजी, झोप लागली का?" आंजीत आपला वृद्धाश्रम म्हणजे घराची सपरी. खाट आहे, ताटही वेळेवर जातं. पण असं विचारतं कोण?

माझंच सांगते. आजोबा गेल्यावर आजीचं जेवण कमी झालं. रात्र रात्र जागी राहायची, "अंग दुखते" म्हणायची. आम्ही मलम आणून दिलं आन् "वय झालं" म्हणून सोडून दिलं. मी तेव्हा एमएसडब्ल्यू करत होते. नैराश्याची लक्षणं पेपरात लिहून आले होते! घरातली दिसली नाहीत.

आशाताई सीबॅक फॉर्म भरते, त्यात दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? तेव्हा सुनेनं घाईत "चांगल्या आहेत त्या" म्हणू नये. आजीलाच बोलू द्या. "हो" आलं तर उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा. ती ऐकून घेईल, बीपी-शुगर पाहील, लागलं तर पीएचसीत डॉक्टरांकडं पाठवेल. पुढं सेवाग्रामच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे.

बोलून काय होते, असं काहीजणी म्हणतात. गोव्यात साठीपुढच्या, थोडं उदास वाटणाऱ्या १८१ जणांसोबत हे करून पाहिलं; २०१८ मध्ये ते छापून आलं. ९१ जणांना शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक भेटत. डॉक्टर नव्हेत. अडचण एकेक करून सोडवायची, झोपेचं बघायचं, सरकारी मदत मिळवून द्यायची. वर्षभरात त्यातल्या ४ जणांना नैराश्य आलं. बाकीच्या ९० मध्ये १३ जणांना.

एक मात्र घाईचं. "आता जगून काय करू" असं कोणी म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, सिस्टरला लगेच कळवा. रात्री-बेरात्री १४४१६ वर फोन करा. टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीनं एका म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसून यायचं. स्वतःची सासू चालेल. कोणाचं काय निघालं ते बैठकीत बोलायचं नाही, सिस्टरलाच सांगायचं.

– क्षेत्र समन्वयक