व्हिसा नवऱ्यामुळे, कागद मात्र आपल्या हातात

(परदेशात स्थायिक असलेल्या मुलांशी लग्न ठरलेल्या किंवा झालेल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी गटाने घेतलेल्या बैठकीत आपल्या एका मैत्रिणीने केलेलं हे भाषण. तिच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

बोलायला उभी राहा म्हटल्यावर मी आधी नकोच म्हणाले. मी सांगलीजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते. पन्नास मुलांपुढे बोलायला कधी भ्याले नाही, पण स्वतःच्या लग्नाबद्दल चारचौघींत बोलायचं म्हणजे संकोच वाटतो. सल्ला केंद्रातल्या ताई म्हणाल्या, "अगं, तुला जे कळायला एकोणीस महिने लागले ते या मुलींना तासाभरात कळू दे." म्हणून उभी आहे.

माझं लग्न डिसेंबर २०१६ मध्ये झालं. नवरा लहानपणापासून इंग्लंडमध्ये, लेस्टरला एका गोदामात कामाला. सासूसासरे निवृत्त होऊन सांगलीला परतलेले. तीन आठवड्यांची रजा संपली, तो गेला आणि मी सासरी राहिले. मी तिकडे पोचले जुलै २०१८ मध्ये. हे मधले एकोणीस महिने मी धड सासरची नव्हते, धड माहेरची नव्हते आणि इंग्लंडची तर नव्हतेच. भाजी घ्यायला गेलं तरी लोक विचारायचे, "अजून इथंच? पेपर आले नाहीत का?" त्या प्रश्नात काळजी असते तशी शंकाही असते. शंका नेहमी मुलीवरच येते.

सगळे म्हणाले, तीन महिन्यांत व्हिसा येतो. म्हणून मी नोकरीचा राजीनामा दिला. ही माझी पहिली चूक. पगार बंद झाला आणि साध्या रिचार्जसाठी मला सासऱ्यांपुढे हात पसरावा लागला.

आता उशीर का झाला ते सांगते. ब्रिटनमध्ये बायकोला किंवा नवऱ्याला बोलवायचं तर तिथल्या जोडीदाराची ठरावीक कमाई दाखवावी लागते. जुलै २०१२ पासून ही अट वर्षाला १८,६०० पौंडांची होती. नवऱ्याचा पगार त्याला थोडा कमी पडत होता. त्याने जादा पाळ्या केल्या आणि सलग सहा महिने पगार त्या रेषेच्या वर नेला, तेव्हा कुठे अर्ज करता आला. मी पदवीधर, नोकरी केलेली, पण माझ्या इथल्या पगाराची किंमत त्या हिशोबात शून्य. तिथे जाऊन मी काय कमावीन तेही धरत नाहीत.

११ एप्रिल २०२४ पासून ही रेषा २९,००० पौंडांवर नेली आहे. पगार नसेल आणि केवळ शिल्लक दाखवायची असेल तर ८८,५०० पौंड लागतात. हा नियम पुरुषाला आणि बाईला एकच आहे. पण कमाई एकसारखी आहे का? अर्धवेळ काम कोण करतं, मुलं सांभाळायला नोकरी कोण सोडतं? तिथल्या बाईला इथला नवरा बोलवायचा असेल तर तिला ही भिंत जास्त उंच पडते. कायदा सारखा असला म्हणजे न्याय सारखा होतोच असं नाही.

याला इतिहास आहे. एके काळी तिथे स्थायिक झालेल्या पुरुषाला बायको आणणं सोपं होतं, बाईला नवरा आणणं अवघड होतं. तिथे राहणाऱ्या तीन स्त्रियांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. १९८५ साली न्यायालयाने सांगितलं की हा लिंगभेद आहे. मग सरकारने काय केलं? बायकांची वाट सोपी केली नाही, पुरुषांची अवघड केली. झाली समानता! त्या काळी आणखी एक नियम होता. तिकडे येणं हा आपल्या लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. पाहून-ठरवून केलेल्या लग्नांवर त्यामुळे आधीच संशय. तो नियम १९९७ साली रद्द झाला.

आणि १९७९ ची गोष्ट तर आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी. त्या वर्षी जानेवारीत एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. वाग्दत्त वधूला आधी व्हिसा काढावा लागत नसे, बायकोला लागत असे. ही आधीच कुणाची बायको तर नाही ना, असा अधिकाऱ्यांना संशय आला. म्हणून तिची कौमार्य तपासणी केली. बातमी फुटली, ओरड झाली आणि ती पद्धत बंद झाली. हे एकदाच घडलं नव्हतं. इथल्या ब्रिटिश कार्यालयांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे पुढे जुन्या सरकारी कागदांतून उघड झालं.

आज शरीराची अशी तपासणी होत नाही. आज नातं खरं आहे का ते फोटोंवरून, फोनच्या नोंदींवरून, व्हॉट्सअॅपच्या निरोपांवरून बघतात. मी आमचे निरोप छापून घ्यायला बसले तेव्हा हात थांबला. "जेवलीस का" पासून "तू मला फसवलंस" पर्यंत सगळं त्यात होतं. आमचं भांडणसुद्धा पुरावा झालं होतं! साडेपाच तासांचं अंतर. तो कामावरून यायचा तेव्हा इकडे मध्यरात्र. सासूबाई शेजारी झोपलेल्या, मी पांघरुणात तोंड घालून बोलायची. आणि ते बोलणं कुणा अनोळखी माणसाने खरंखोटं ठरवायला वाचायचं.

आता माझी दुसरी चूक. अर्ज एका एजंटाने भरला. मावससासऱ्यांच्या ओळखीचा, म्हणून भरवशाचा. क्षयरोगाची तपासणी मी केली, इंग्रजीची परीक्षा द्यायला पुण्याला मी गेले, बोटांचे ठसे माझे. पण अर्जावरचा ईमेल कुणाचा? एजंटाचा. फोन कुणाचा? सासऱ्यांचा. सगळ्या कागदांची फाइल कुठे? एजंटाच्या कपाटात.

अर्ज नामंजूर झाला. एका महिन्याचं बँकेचं विवरण जोडायचं राहिलं होतं. पत्र आलं एजंटाच्या ईमेलवर. त्याने सासऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांनी मुलाला सांगितलं. मला आठव्या दिवशी नणंदेकडून कळलं, तेही तिच्या तोंडून निसटलं म्हणून. "तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही" असं सगळे म्हणाले. मैत्रिणींनो, माझा नवरा वाईट माणूस नाही. सासरचेही वाईट नाहीत. तरीसुद्धा माझ्या नावाच्या अर्जाचं काय झालं हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. त्या रात्री मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. पार्सलाला कुणी विचारत नाही, कधी निघतेस म्हणून. तसं वाटलं.

अर्जाची फी परत मिळत नाही. क्षयरोगाचा दाखला सहा महिनेच चालतो, तो पुन्हा काढला. दुसरा अर्ज मी स्वतः भरला. एका मैत्रिणीच्या घरी संगणकावर बसले, रोज दोन तास, तीन आठवडे. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेची विवरणं मला पाठव. तो आधी गप्प झाला, मग त्याने पाठवली. तेव्हा मला प्रथमच कळलं की तो किती कमावतो, घरभाडं किती देतो, कर्ज किती आहे. लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं!

आणि हीच गोष्ट मला आज मुख्यतः सांगायची आहे. आपल्याकडे मुलीची पत्रिका, रंग, उंची, शिक्षण सगळं बघतात. मुलाच्या पगाराची चिठ्ठी मागायची मात्र मुलीच्या बापाची हिंमत नसते. "परदेशात आहे, म्हणजे चांगलंच असणार." पण हा व्हिसाचा अर्ज त्याला सगळं दाखवायला लावतो. पगार, राहायची जागा, आणि आधी लग्न झालं असेल तर ते संपल्याचा पुरावासुद्धा. ते कागद आपल्याच अर्जाला जोडायचे असतात. मग ते आपण का वाचायचे नाहीत? ज्या अर्जाचा आपल्याला जाच वाटतो, तोच आपल्याला प्रश्न विचारायचा हक्क देतो. अर्ज दुसऱ्याच्या हातात दिला की तो हक्कही गेला.

व्हिसा आला की संपलं असंही नाही. पहिला व्हिसा दोन वर्षं नऊ महिन्यांचा, मग अडीच वर्षांची मुदतवाढ आणि पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. २००३ पूर्वी हा परीक्षेचा काळ एक वर्षाचा होता, मग दोन झाला, २०१२ पासून पाच. आरोग्यसेवेचा आकार २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आहे. पहिल्या व्हिसालाच तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड एकदम भरावा लागतो. या पाच वर्षांत सरकारी मदतीचे बहुतेक भत्ते मिळत नाहीत. म्हणजे बाईचं तिथलं राहणं या काळात लग्नावर टांगलेलं असतं. नवऱ्याने हात उगारला तर जायचं कुठे?

लंडनच्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने याच प्रश्नावर वर्षानुवर्षं लढा दिला. २००२ पासून नियमातच तरतूद आहे की घरातल्या हिंसाचारामुळे लग्न मोडलं तर बाई स्वतःच्या नावावर कायम राहण्याचा अर्ज करू शकते. अर्जाच्या काळात हातात काही पैसा असावा म्हणून अल्प मुदतीची सवलत २०१२ पासून आहे. हे माहीत नसलेल्या किती बायका "परत पाठवतील" या एका धमकीवर मार खात राहिल्या असतील!

आपल्या केंद्रात एक मुलगी आली होती. गणपतीला म्हणून नवरा तिला माहेरी घेऊन आला. चौथ्या दिवशी तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच परत गेला आणि फोन बंद केला. पूर्वी अशा बाईला तिकडचं दार बंदच होतं, कारण अर्ज करायला तिथे असावं लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून, नवऱ्याने असं परदेशात आणून टाकलेली बाई बाहेरूनही हा अर्ज करू शकते. हे ऐकून तिचा चेहरा कसा बदलला ते मी पाहिलंय. आपल्याकडेही काही वाटा आहेत. माहेरी आसरा घ्यावा लागलेली बाई छळाची तक्रार माहेरच्या गावी करू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे. पण अशा लग्नांसाठी सर्वंकष कायदा करा, ही विधि आयोगाची शिफारस आली ती २०२४ साली. तोवर किती जणींचं आयुष्य गेलं!

आता काही साध्या गोष्टी सांगते. वहीत लिहून घ्या.

लग्नाची नोंदणी तो परत जाण्याआधी करा. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्याने ती करायची आहे, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात पालिकेत. तीन साक्षीदार लागतात. दाखल्याची एक प्रमाणित प्रत आईकडे ठेवा.

अर्जावर ईमेल स्वतःचा, फोन स्वतःचा. हे फार महत्त्वाचं आहे. पूर्वी नवरा पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवायचा. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनने राहण्याच्या परवान्याचं कार्ड बंद केलं, आता तो परवाना इंटरनेटवरच्या खात्यात असतो. ज्याच्याकडे त्या खात्याचा ईमेल आणि फोन, त्याच्याकडे किल्ली.

प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा. नवऱ्याचे कागद वाचा, कळलं नाही तर विचारा. रागावला तर ते आत्ताच कळलेलं बरं.

व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका. स्वतःच्या नावाचं बँक खाते आणि त्यात परतीच्या तिकिटाएवढे पैसे असू द्या. आयांनो, हे तुम्हाला सांगतेय. रुखवतात चार भांडी कमी द्या, पण एवढं करा.

आज मला तिथे कायम राहण्याचा हक्क आहे. आईच्या आजारपणासाठी काही महिने इथे आले आहे आणि आठवड्यातून दोन दिवस केंद्रात बसते. मध्यंतरी नवऱ्याचा फोन आला, "घराच्या करारनाम्याची प्रत कुठे ठेवली आहेस गं?" मी म्हटलं, "माझ्या फाइलीत, निळ्या." तो हसला. म्हणाला, "तुझ्याकडेच असणार म्हणा."

बैठकीनंतर मी इथेच आहे. ज्यांचे अर्ज चालू आहेत त्यांनी फाइल घेऊन या. आणि फाइल आपल्याकडे नसेल, तर आज घरी जाऊन आधी ती मागून घ्या.