माथ्याखालून परत



सन २०२३ च्या जुलैत आम्ही अमेरिकेत कन्येकडे होतो. कोलोराडो राज्यातील लेडव्हिल हे खाणींचे गाव १०,००० फुटांहून उंच. तेथे १९९४ साली डोंगरी सायकलींची १०० मैलांची शर्यत सुरू झाली. १२ तासांच्या आत परतणाऱ्यास कंबरपट्ट्याचे बक्कल मिळते.

कन्या व जावई शर्यतीची तयारी करीत होते. एके पहाटे उभयतां ट्विन लेक्सहून कोलंबाइन खाणीची सुमारे ३,००० फुटांची चढण चढू लागली. आम्ही पायथ्याशी मोटारीत बसलो. त्या पर्वतांत उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात. म्हणून माध्याह्नापूर्वी उतरण्याचा शिरस्ता आहे. माथा अर्ध्या मैलावर असता विरळ हवेने कन्येचे मस्तक दुखू लागले. जावयांच्या अंगी बळ होते. तरी ते तिच्यासह माघारी वळले.

आम्ही पुसले, "जावईबापू, माथा गाठून का आला नाहीत?"

ते म्हणाले, "बाबा, उतरताना ती एकटी पडली असती."

छत्तीस वर्षे आम्ही मुलांना पहिला नंबर मिळविण्यास शिकविले. मागे राहिलेल्यासाठी वळणे शिकविले नाही, याची आम्हांस लाज वाटली.

ऑगस्टात दोघांनीही शर्यत पुरी केली. जावई तासभर आधी पोहोचले; त्या दिवशी थांबू नये, असे कन्येनेच त्यांस बजावले होते.