उज्जैनचे विद्यापीठ आणि त्यामागील विद्यापरंपरा



उज्जैनच्या विद्येचा इतिहास सांगताना दोन टोके गाठली जातात. एक सांदीपनींच्या आश्रमाचे आणि दुसरे १९५७ साली स्थापन झालेल्या विक्रम विद्यापीठाचे. या दोहोंमधला, विशेषतः विद्यापीठापूर्वीच्या चार-पाच दशकांचा काळ मात्र सहसा अनुल्लेखित राहतो. वास्तविक विद्यापीठाची खरी पायाभरणी त्याच काळात झाली आणि तीत या नगरीतील मराठी भाषकांचा वाटा मोठा होता.

त्या काळी उज्जैनमध्ये उच्च शिक्षणाचे केंद्र म्हणजे माधव महाविद्यालय. १९२७ साली आग्रा विद्यापीठाची स्थापना झाल्यावर मध्य भारतातील संस्थानी प्रदेशाची महाविद्यालये त्याला जोडली गेली. अध्ययन क्षिप्रेकाठी आणि पदवी यमुनेकाठची, अशी स्थिती होती. तरीही या महाविद्यालयाने घडविलेली माणसे सामान्य नव्हती. मातृभाषा मराठी असूनही हिंदी कवितेत युगप्रवर्तक ठरलेले गजानन माधव मुक्तिबोध येथे शिकले. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही साहित्यांत सारख्याच सहजतेने वावरणारे प्रभाकर माचवे येथे अध्यापक होते.

महाविद्यालयाच्या बाहेरही विद्येची उपासना चालू होती. सवाई जयसिंहाने उभारलेल्या वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत जीर्णोद्धार झाला. 'सर्वानंदकरण' या ग्रंथाचे कर्ते, ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांनी तेथील कार्य सांभाळले. पुढे प्राच्य ग्रंथसंग्रहात माळव्याच्या घराघरांतून मिळालेली हस्तलिखिते गोळा होऊ लागली. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्यासारख्या व्यासंगी विद्वानाने त्यांचा सांभाळ केला आणि त्यांवर लेखन केले. हाच संग्रह आज सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठान या नावाने विद्यापीठाचा भाग आहे. म्हणजे विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहण्यापूर्वीच त्याचे ग्रंथभांडार सिद्ध झालेले होते.

विद्यापीठाची कल्पना विक्रम संवताच्या द्विसहस्राब्दीच्या निमित्ताने, १९४३-४४ च्या सुमारास पुढे आली. पंडित सूर्यनारायण व्यास यांनी ती लावून धरली आणि ग्वाल्हेर दरबारचा तिला आश्रय लाभला. मध्य भारत राज्याच्या विधिमंडळाने १९५५ साली कायदा संमत केला. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले. १ मार्च १९५७ रोजी विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले, तेव्हा त्याला जन्म देणारे राज्य अस्तित्वात उरले नव्हते.

आरंभी या विद्यापीठाचे क्षेत्र ग्वाल्हेरपासून माळव्यापर्यंत पसरलेले होते. १९६४ साली ग्वाल्हेर आणि इंदूर येथे, तर १९७० साली भोपाळ येथे स्वतंत्र विद्यापीठे झाली आणि उज्जैनचे क्षेत्र मुख्यतः उज्जैन विभागापुरते आकुंचन पावले. अनेकांना हा ऱ्हास वाटला. संलग्न महाविद्यालयांची संख्या आणि परीक्षार्थींची गर्दी हेच विद्यापीठाचे मोजमाप मानले, तर तो ऱ्हास होताच. परंतु परीक्षा घेणे हे विद्यापीठाचे एक काम झाले. पूर्वी ठाऊक नसलेले काही ज्ञात करून देणे, हे दुसरे. या दुसऱ्या कामात उज्जैनची खरी कमाई नेमकी क्षेत्र आटल्यानंतरची आहे.

त्याचे उत्तम उदाहरण कायथ्याचे. उज्जैनच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, छोट्या काली सिंधच्या काठी हे गाव आहे. विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तेथील टेकाडाचे महत्त्व ओळखून १९६५-६६ मध्ये उत्खनन केले. १९६८ साली विक्रम विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी तेथे संयुक्त उत्खनन केले; त्याचा अहवाल झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी सिद्ध केला. तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या आणि एका भांड्यात साठविलेले सुमारे ४०,००० सूक्ष्म मणी तेथे सापडले. इसवी सनापूर्वी सुमारे २४०० वर्षांच्या या वसाहतीमुळे माळव्याच्या ज्ञात इतिहासात एक संपूर्ण नवे प्रकरण जोडले गेले. 'कायथा संस्कृती' हे नाव आज पुरातत्त्वाच्या पाठ्यग्रंथांत रूढ आहे.

वाकणकरांनीच १९५७ साली, विद्यापीठाच्या जन्मवर्षी, आगगाडीतून दिसलेल्या खडकांच्या ओढीने भीमबेटका गाठले आणि तेथील शैलचित्रे उजेडात आणली. सत्तरच्या दशकात तेथेही विक्रम विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज यांनी उत्खनने केली. १९७५ साली वाकणकरांना 'पद्मश्री' मिळाली. १९८८ साली त्यांचे निधन झाले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसास्थळ ठरले. याच काळाच्या पूर्वार्धात, १९६८ ते १९७८ या दशकात, कवी शिवमंगलसिंह 'सुमन' कुलगुरू होते. त्यापूर्वी ते माधव महाविद्यालयाचे प्राचार्य होते. जुन्या महाविद्यालयाचा आणि नव्या विद्यापीठाचा धागा असा एका व्यक्तीतही जोडलेला दिसतो.

२०२५ साली विद्यापीठाचे 'सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ' असे नामांतर झाले. नाव बदलले तरी प्रश्न जुनाच आहे. हजारो हस्तलिखिते कपाटांत आहेत. ती वाचण्यासाठी शारदा, मोडी, जुनी देवनागरी अशा लिपी जाणणारी माणसे हवीत. उत्खननांतील खापरांचे ढीग आहेत. त्यांकडे पुन्हा पाहण्यास नवे प्रश्न घेऊन येणारे विद्यार्थी हवेत. अशी माणसे परीक्षेच्या वेळापत्रकातून निर्माण होत नाहीत. आपट्यांनी आकाश पाहिले, कात्र्यांनी पोथ्या पाहिल्या, वाकणकरांनी माती पाहिली. तिघांनीही आपल्या विषयासाठी दूर जाण्याची वाट पाहिली नाही. उज्जैनच्या परिसरात जे होते तेच अभ्यासाचे साधन केले.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दाखलनोंदवहीतील शेवटचा आकडा ग्रंथालयाची श्रीमंती दाखवितो. देवघेवीची नोंदवही त्याचे आयुष्य दाखविते. माळव्यातील मराठी घरांतून आजही जुनी बाडे, दप्तरे, पत्रव्यवहार माळ्यावर पडून असतात. घराची विक्री झाली की ती रद्दीत जातात. त्यांची नोंद करणे, मोडी वाचनाचे वर्ग चालविणे आणि योग्य ते साहित्य प्राच्यविद्या प्रतिष्ठानासारख्या जाणत्या संस्थेच्या हाती सोपविणे, एवढे काम ग्रंथालयाच्या सभासदांना निश्चित करता येईल. उज्जैनच्या विद्यापीठाचा आरंभही अशाच गोळा केलेल्या पोथ्यांपासून झाला होता.